चौधरींच्या दाराचं कुलूप

जळगावला आमच्या शेजारी राहणाऱ्या चौधरींचा रंगीत टीव्ही जळाला, तो माझ्या हातून जळाला. त्या वेळी घरातले सगळे फैजपूरला लग्नाला गेले होते आणि दाराला कुलूप होतं. ते कुलूप मी माझ्या घराच्या किल्लीनं उघडलं, आत बसून क्रिकेटची मॅच पाहिली, टीव्ही जाळला, कुलूप पुन्हा लावलं आणि घरी येऊन चहा प्यालो. दोष सिंधूअक्कांवर गेला. मी तो जाऊ दिला. एवढंच असतं तर कदाचित हे लिहायला बसलो नसतो. त्यानंतर मी आणखी एक गोष्ट केली, ती सांगणं मला अजून जड जातं. पण त्याआधी अक्का कोण होत्या ते सांगायला हवं, कारण गल्लीत पुढं त्यांची जी आठवण उरली ती माझ्या करणीची होती, त्यांची नव्हती.

सिंधूअक्का मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. मूळच्या शिरपूरकडच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खोल्यांत एकट्या राहत. उंच, काळ्यासावळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. चालणं असं की समोरून येणारा आपोआप बाजूला होई. बोलणं शाळेतलं, स्वच्छ. पण राग आला किंवा फार आनंद झाला की थेट अहिराणीत शिरायच्या. त्यामुळे त्या अहिराणीत बोलू लागल्या की आपण त्यांना आवडलो आहोत की आपलं काही खरं नाही, हे चटकन कळत नसे.

त्यांच्या पुढच्या खोलीत भिंतीवर एक जुना जेवायचा पाट उभा टांगलेला होता आणि त्याला ओळीनं खिळे ठोकलेले. गल्लीतलं कोणीही गावाला निघालं की घराची किल्ली त्या पाटावर यायची. ही गल्लीची रीतच होती. पिशव्या उचलायच्या, कुलूप लावायचं, अक्कांच्या दारात उभं राहून "अक्का, येतो हं" म्हणायचं आणि किल्ली त्यांच्या हातावर ठेवायची. त्या मागं झाडांना पाणी घालत, मांजर शिरलं का बघत, गॅसवाला आला तर सिलिंडर उतरवून घेत. किल्ल्यांना त्यांनी कधी चिठ्ठी लावली नाही.

"चिठ्ठी कशाला? चोराला पत्ता द्यायला?" असं म्हणून त्या किल्लीच्या दातांवरून अंगठा फिरवायच्या. "ही जोश्यांची. मधला दात झिजलाय. जोशीण किल्ली फिरवत नाही, पिळते."

कुलूप हा त्यांचा छंद होता. तो कसा लागला, मी विचारलं नाही. माझी त्यांची ओळख मात्र कुलपामुळेच झाली. मी पाटबंधारे खात्यात भांडारपाल म्हणून जळगावला आलो, नवीन लग्न, नवीन बिऱ्हाड. मे महिन्यातल्या एका दुपारी दाराचं कुलूप अडलं. किल्ली आत जाई, फिरत नसे. मी शेजारून गोडेतेल मागून आणलं आणि वाटीनं कुलपात ओतत होतो, तर मागून आवाज आला.

"अरे भो, काय करी ऱ्हायना तू? ते कुलूप शे, भजी नही!"

त्यांनी माझ्या हातातली वाटी काढून माझ्या बायकोच्या, शोभाच्या हातात दिली, घरून पेन्सिल आणि ब्लेड आणलं, शिशाची पूड कागदावर खरवडली आणि कागदाची नळी करून ती कुलपाच्या भोकात फुंकली. आधी ओतलेलं तेल पदरानं पुसलं ते वेगळंच. मग किल्ली अगदी हलक्या हातानं दोन-चारदा आतबाहेर केली आणि फिरवली. कुलूप उघडलं.

"आपल्या खान्देशातली धूळ कशी असते, मैद्यासारखी," त्या म्हणाल्या. "तेल घातलंस की आत तिचा चिखल होतो. शिसं कोरडं असतं, पण गुळगुळीत. तू काय करतोस?"

"भांडारपाल आहे."

"म्हणजे सरकारी कुलपं तुझ्या हातात. देवा!" आणि त्या दिवसापासून मी 'भांडारी' झालो.

कुलूप चालतं कसं हे मला त्यांनीच शिकवलं. मला म्हणजे सगळ्या गल्लीला. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर उडदाचे पापड लाटायला बायका जमल्या होत्या. मी शोभासाठी पाण्याची कळशी पोचवायला वर गेलो, तर तिथं वर्ग सुरू झालेला. कोणीतरी विचारलं होतं की एवढ्याशा किल्लीनं एवढं मोठं कुलूप कसं उघडतं. अक्कांनी पाच बायकांना ओळीत उभं केलं, प्रत्येकीला हातातली एक-एक बांगडी काढून बोटांत उभी धरायला लावली. शोभा त्यांतली तिसरी.

"तुम्ही कुलपातल्या पत्त्या. पितळेच्या पातळ पत्त्या असतात आत, एकीला लागून एक. प्रत्येकीला एक खाच. तुमची बांगडी म्हणजे ती खाच. आणि हे लाटणं म्हणजे आतला खिटीचा दांडा. लाटणं पाचही बांगड्यांतून आरपार गेलं तर कुलूप उघडलं."

बायकांपैकी कोणी हात छातीशी धरला होता, कोणी कमरेशी. लाटणं पहिल्याच बांगडीला अडलं.

"आता मी किल्ली. किल्लीचा प्रत्येक दात एकेका पत्तीला उचलतो. उंच दात जास्त उचलतो, बुटका कमी." त्यांनी एकेकीच्या कोपराखाली हात घालून तो वर केला. चौथीला आणखी वर, दुसरीला जरा खाली. शोभा हसायला लागली आणि तिची बांगडी हलली.

"हसू नको! पत्ती हसत नाही. चौघींनी बरोबर उभं राहून उपयोग नाही, पाचवी कमी उचलली गेली तरी अडणार, जास्त उचलली तरी अडणार." आणि मग लाटणं पाचही बांगड्यांतून सरळ आरपार गेलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणाचा तरी पापड तेवढ्यात वाऱ्यानं उडून शेजारच्या गच्चीवर गेला.

ही विद्या त्यांनी लपवली नाही आणि मिरवायची संधीही सोडली नाही. नम्रपणा त्यांच्यात नव्हता. एकदा शेजारच्या आळीत घरफोडी झाल्याची बातमी आली आणि आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांनी दोन दिवसांत नवी कुलपं घेतली. सगळी कांतीशेठच्या दुकानातून. कांतीशेठ गल्लीतच राहायचे, मारवाडी माणूस, हार्डवेअरचं दुकान, शेजाऱ्यांना सूट. कुलपावर ठसठशीत कोरलेलं होतं, सात लिव्हर, म्हणजे आत सात पत्त्या. मीही एक घेतलं. चौधरींनीही घेतलं.

अक्कांनी त्यातलंच एक विकत घेऊन दुकानात बसूनच करवतीच्या पात्यानं कापलं. गिऱ्हाइकं बघत होती. कांतीशेठ हात जोडत होते, "अक्का, धंद्याच्या वेळेला कशाला?"

"पत्त्या सात आहेत, खोटं नाही," अक्का म्हणाल्या. "पण ह्या चौघींच्या खाचा बघ, एकाच उंचीवर. म्हणजे चौघी मिळून एकच. खरं काम करतात त्या तिघी. मग किल्ल्या तरी किती तऱ्हेच्या होणार? शेठ, एका खोक्यातलं सगळं एकाच गल्लीत विकू नको."

"अक्का, कंपनीचा माल आहे."

"कंपनी काय तुझ्या गल्लीत राहते?"

लोक हसले. मीही हसलो. कुलूप बदलायला मात्र कोणी परत गेलं नाही.

दुसऱ्याचं कुलूप उघडायला अक्कांना वेळ लागत नसे. किल्ली हरवली की मुलं त्यांनाच बोलवायला धावत. पण मालक समोर असल्याशिवाय त्या कुलपाला हात लावत नसत. गल्लीतल्या एका सासूबाईंनी सून माहेरी गेलेली असताना तिची ट्रंक उघडून द्यायला सांगितली. अक्का ट्रंकेपाशी बसल्या, कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि खाली ठेवलं.

"सोपं आहे. ती आली की उघडू."

"अहो, घर माझं, ट्रंकही मीच दिलेली."

"कुलूप तिचं आहे ना?" म्हणून त्या चहा न घेता उठल्या. सासूबाई वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

आता माझ्याकडे येतो.

आमची घरं एकाच ठेकेदारानं बांधलेली, रांगेत, सगळ्यांची दारं हिरवी. एका संध्याकाळी पावसाळी अंधारात, डोक्यात कार्यालयातली भानगड घेऊन मी आलो, खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि दार लोटलं, तर आत चौधरींचा सोफा. मी दचकून दार ओढून घेतलं आणि कुलूप लावलं. चौधरी मंडळी त्या वेळी बाजारात गेली होती. माझ्या घरात येऊन मी एकटाच हसलो. अक्कांना सांगितलं असतं तर त्या आनंदानं उड्या मारत चौधरींकडे गेल्या असत्या, म्हणाल्या असत्या, "सांगितलं होतं ना!" मी सांगितलं नाही. शोभालाही सांगितलं नाही. का, हे तेव्हा कळलं नाही. आता कळतं. ते गुपित माझ्या मनाला आवडलं होतं.

पुढं हिवाळ्यात चौधरी फैजपूरला पुतण्याच्या लग्नाला गेले, चांगले आठवडाभर. किल्ली अक्कांच्या पाटावर. रोज सकाळी अक्का तिथं जाऊन तुळशीला आणि कुंड्यांना पाणी घालत. रविवारी मॅच होती. गल्लीत दुसरा टीव्ही होता कांतीशेठकडे, तोही काळापांढरा. तिथं रविवारी अशी गर्दी व्हायची की दारातल्या चपलांपाशी बसावं लागे. मला ते कमीपणाचं वाटे. भांडारपाल माणूस, चपलांत बसायचं! शोभा बहिणीकडे पाचोऱ्याला गेली होती. अक्का दुपारी झोपत. गल्ली सामसूम होती. मी किल्ली घेतली आणि चौधरींच्या दारापाशी गेलो.

टीव्हीला स्टॅबिलायझर होता. तो लावला की घूं घूं आवाज करी. भिंतीपलीकडे कोणी ऐकेल म्हणून मी त्याची वायर काढली आणि टीव्हीचा प्लग सरळ भिंतीत लावला. आवाज बंद ठेवून मॅच पाहिली. मधे वीज गेली. परत आली ती उसळी घेऊनच. पडद्याच्या मागं फट् झालं, जळका वास आला आणि टीव्ही काळा पडला. मी खिडकीची फट उघडून वास जाऊ दिला. घाबरलो होतो, पण निघालो शांतपणे. प्लग भिंतीतच राहिला.

चौधरी परतले त्या संध्याकाळी मला भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. आधी मुलांचा आवाज, टीव्ही लागत नाही. मग चौधरीभाऊंचा, प्लग इथं कोणी लावला? पुढं ते काय विचार करत होते हे मला कळत होतं. किल्ली एकाच माणसाकडे होती.

चौधरीवहिनी अक्कांकडे गेल्या. भांडायला नाही. वहिनी फार गोड बोलायच्या आणि त्या दिवशी तर नेहमीपेक्षा जास्त.

"अक्का, बघायचा होता तर सांगायचं ना. स्टॅबिलायझर कसा लावायचा ते दाखवून दिलं असतं. यांना वाईट वाटलं नाही बरं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मी टीव्हीला हातसुद्धा लावला नाही," अक्का म्हणाल्या.

"बरं अक्का. नाही तर नाही."

ते 'बरं' गल्लीभर झालं. कोणी रागावलं नाही. आता अक्कांचं वय झालं, एवढंच लोक म्हणाले. आणि मी ओट्यावर बसून ऐकत होतो, मान डोलावत होतो. खरं सांगितलं तर काय होईल ते मला दिसत होतं. भांडारपाल, ज्याच्या ताब्यात सरकारी कुलपं, तो शेजाऱ्याच्या घरात आपल्या किल्लीनं शिरतो. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. मी मनाशीच म्हटलं, दोन-चार दिवसांत सगळे विसरतील.

अक्का विसरल्या नाहीत. त्या विचार करत बसल्या, आणि त्यांचा विचार बरोबर होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या गल्लीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हे कुलूप दुसऱ्या किल्लीनं उघडलंय. कांतीशेठच्या खोक्यातली किल्ली. उद्या सकाळी सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या घेऊन चौधरींच्या ओट्यावर या. एकेक लावून बघू. बठ्ठं कळी जाई, सगळंच्या सगळं."

मी त्या रात्री झोपलो नाही, हे सांगून मला सहानुभूती नको आहे. पहाटेच सायकल काढली आणि स्टेशनाजवळच्या एका फिरत्या विक्रेत्याकडून नवं कुलूप घेतलं, दुसऱ्या बनावटीचं, पण किल्ली तशाच घडणीची. घरी आल्यावर किल्ली चकाकत होती, म्हणून चुलीतली राख घेऊन ती घासली, फरशीवर घासली, कोपऱ्यातल्या धुळीत मळवली. जुनं कुलूप आणि किल्ली कार्यालयात नेऊन भंगाराच्या ढिगात टाकायची म्हणून पिशवीत ठेवली. पाचोऱ्याहून आलेल्या शोभानं विचारलं, "कुलूप बदललं का?" मी म्हटलं, "जुन्याला गंज चढला होता."

सकाळी चौधरींच्या ओट्यावर सगळे जमले. कुलूप दारावरच लावलेलं, वहिनींकडून मागून घेतलेली किल्ली अक्कांच्या मुठीत. त्यांनी एकेकाची किल्ली घेतली. कांतीशेठची फिरली नाही. जोश्यांची आतच गेली नाही. आणखी एकाची जरा फिरली आणि थांबली. अक्कांनी ती किल्ली डोळ्यापुढं धरली, "पहिला दात उंच आहे, जास्त उचलतोय," म्हणून परत दिली. मग माझ्याकडे हात केला.

मी किल्ली दिली. त्यांनी ती कुलपात घातली नाही. आधी अंगठा फिरवला. थांबल्या. चष्मा लावला, उजेडाकडे धरली.

"भांडारी, ही तुझीच?"

"हो अक्का."

"मला वाटत होतं तुझ्या किल्लीचा दुसरा दात बुटका होता. तुम्ही दिवाळीला गावाला गेलात तेव्हा माझ्याकडे होती ना."

सगळे माझ्याकडे बघत होते. चौधरीभाऊसुद्धा. मी अक्कांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "नाही अक्का. हीच आहे. पहिल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, पकडला गेलो. पण त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. त्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"असंल," त्या म्हणाल्या. "माझंच चुकत असंल."

किल्ली लावून पाहिली. फिरली नाही. त्यांनी ती मला परत दिली आणि चौधरींची मूळ किल्ली वहिनींच्या हातावर ठेवली. "वहिनी, मंगळवारी पाणी घालताना मला चक्कर आली होती. मी तुमच्या सोफ्यावर जरा टेकले होते. तेव्हा काही केलं असेल तर मला आठवत नाही."

"जाऊ द्या हो अक्का," वहिनी म्हणाल्या.

ज्या माणसाला गल्लीतल्या प्रत्येक किल्लीचे दात पाठ होते, त्या माणसानं माझ्या एका शब्दावर आपल्या अंगठ्यावरचा विश्वास सोडला. हे मी केलं. टीव्ही अपघातानं जळाला होता, हे अपघातानं झालं नव्हतं.

त्यानंतर कोणी त्यांच्याकडून किल्ल्या मागून घेतल्या नाहीत. लोक फक्त द्यायचे बंद झाले. पाटावर किल्ल्या येईनाशा झाल्या. अक्काही कोणाला विचारत नव्हत्या. एकदा माझ्या कार्यालयाच्या गोदामाचं कुलूप अडलं म्हणून मी सहज त्यांना म्हटलं, "अक्का, येता का?" हे मी खरंच केलं, माणूस किती निलाजरा होऊ शकतो. त्या म्हणाल्या, "नको रे. आता माझ्याच्यानं नाही व्हायचं." नळ बंद केला की नाही म्हणून त्या अंगणातून दोनदा परत जाऊन बघायच्या. गल्लीतल्या मुलींना घरी विज्ञान शिकवायच्या, ते बंद केलं. "चुकीचं शिकवून बसेन," म्हणाल्या. वर्षभरात त्यांचा भाचा आला आणि त्यांना धुळ्याला घेऊन गेला. टेम्पोत सामान भरताना मी पण हात लावला.

पुढं माझी नोकरी पक्की झाली, बढती मिळाली, आणि नव्वदनंतर कधीतरी माझीही बदली धुळ्याला झाली. अक्का देवपूरला राहतात हे मला ठाऊक होतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी कितीदा स्कूटर थांबवली असेल, आणि दर वेळी काहीतरी कारण काढून पुढं गेलो. शेवटी मला तिथं पाठवलं ते शोभानं. एका हळदीकुंकवाला तिला अक्कांची भाचेसून भेटली. घरी येऊन शोभा म्हणाली, "अक्कांना आता गॅससुद्धा पेटवू देत नाहीत म्हणे. विसरतात. जळगावला असताना चौधरींचा टीव्ही जाळला होता ना त्यांनी, तेव्हापासून."

मी तिथंच तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होतात गंज चढला."

"हो."

"जा," ती म्हणाली. "आत्ताच जा. मी येणार नाही."

अक्का भाच्याच्या घराच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या. पण मी फाटक उघडताच म्हणाल्या, "भांडारी! जाड झालास."

मी खाली पायरीवर बसलो आणि सांगितलं. त्यांनी मधे थांबवलं नाही. माझं संपलं तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट विचारली ती ही, "मग त्या दिवशी दिलीस ती किल्ली कुठली?"

"स्टेशनाजवळून आणलेली."

"घासली होतीस?"

"राखेनं."

"वाटलंच. राखेचा वास होता तिला. मी म्हटलं, शोभानं भांडी घासता घासता दिली असेल." त्यांनी अंगठा दुसऱ्या बोटावरून फिरवला. "आणि दात? दुसरा?"

"तुमचं बरोबर होतं, अक्का."

मला वाटलं होतं त्या रडतील, किंवा मोठेपणानं हसतील. त्या संतापल्या. एवढ्या वाळलेल्या देहात तेवढा आवाज असेल असं वाटलं नव्हतं.

"तू काबर नही सांगं? एवढी वर्षं! मी रात्री उठून कडी बघते. मी मुलींना शिकवणं सोडलं. पदराला गाठ मारून ठेवते आणि गाठ कशाची ते विसरले की म्हणते, बघ, झालं, गेलं डोकं. जे विसरत नव्हते तेसुद्धा विसरायला लागले. भीतीनं! टीव्ही काय, टीव्ही दुरुस्त झाला. माझं काय दुरुस्त केलंस तू?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"चौधरींना सांगितलंस?"

"नाही. सांगेन." (पुढच्याच रविवारी मी जळगावला जाऊन सांगितलं. चौधरीभाऊंनी पाणी दिलं, चहा दिला नाही. मला ते योग्य वाटलं.)

"ते नंतर," अक्का म्हणाल्या. "कल्पना! बाहेर ये. आणि त्याला पण बोलव, पेपर ठेव म्हणावं."

भाचा आणि भाचेसून बाहेर आले. कल्पनाच्या हाताला कणीक लागलेली होती. मी पायरीवर बसूनच बोलायला सुरुवात केली.

"उभा राहा," अक्का म्हणाल्या. "आणि मोठ्यानं. हिला कुकरच्या आवाजात ऐकू येत नाही."

मी उभा राहिलो. शाळेत उभं करतात तसा, हात बाजूला. सगळं पहिल्यापासून सांगितलं: किल्ली कशी लागली, प्लग कुठं लावला, राख, ओटा, मी त्यांच्या डोळ्यांत बघून काय म्हणालो ते. भाच्याची मान खाली गेली. कल्पनाची गेली नाही. तिनं कणकीचा हात पदराला पुसला आणि पहिल्यांदाच अक्कांकडे वळून पाहिलं. अक्का माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, एकटक, शेवटच्या बाकावरच्या मुलीला कळलं की नाही ते मास्तरीण बघते तशा.

"कळलं?" त्यांनी तिला विचारलं.

कल्पना म्हणाली, "हो आत्या."

मग अक्कांनी चष्मा सारखा केला आणि माझ्याकडे तोंड केलं. चेहऱ्यावर माया नव्हती आणि मी ती मागितलीही नव्हती.

"आता मला सांग," त्या म्हणाल्या.

"चूक माझी होती, अक्का," मी म्हणालो. "तुमची नव्हती. कधीच नव्हती. मला माफ करा."